कुंपणाची कण्हेर काढताना

कॉलनीच्या भिंतीला कण्हेर आहे, भिंतीपलीकडे गुरं चरतात, आणि ती ठेवायची की काढायची यावरून व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली आहे, अशी परिस्थिती असेल तर हे वाचा. आम्ही ऑक्टोबर 2024 पासून पुढचा पावसाळा येईपर्यंत यातून गेलो. कुणाकडे अर्ज द्यायचा, कापलेलं कुठे टाकायचं, जनावराने खाल्लं तर आधी काय करायचं, हे तेव्हा एका जागी लिहिलेलं कुठे मिळालं नाही.

इंदूरचं राजेंद्रनगर मागे टाकून राऊकडे निघालं की डाव्या हाताला ज्या कॉलन्या लागतात, त्यांतल्या एकीत आम्ही राहतो. निम्मी घरं मराठी. मागच्या भिंतीला लागून नाला, नाल्यापलीकडे थोडी शेतं आणि गवळ्यांचे चार-दोन गोठे. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बिल्डरने लावलेली कण्हेर होती, जवळजवळ एकशेऐंशी फूट, गुलाबी आणि पांढरी. ती का लावली याला उत्तर सोपं आहे: पाणी लागत नाही, मे महिन्यात इंदूरचं ऊन डोक्यावर असतानाही फुलते, आणि बकऱ्या तोंड लावत नाहीत. हायवेच्या दुभाजकांवर ती दिसते तीही याच गुणांमुळे. पान इतकं कडू की उभ्या झाडाकडे जनावर सहसा फिरकत नाही. आमच्याकडे बारा वर्षं फिरकलं नव्हतं.

दिवाळीच्या साफसफाईत, शनिवारी 19 ऑक्टोबरला, ठेकेदाराच्या माळ्याने ती छाटली आणि छाटलेलं सगळं नाल्याच्या काठावर ढकलून दिलं. दोन दिवस कडक ऊन होतं. कण्हेरीचं पान वाळलं की कडूपणा बराच कमी होतो, विष मात्र तसंच राहतं. सोमवारी संध्याकाळी परतणारी गुरं त्या ढिगावरून गेली.

मंगळवारी सकाळी सातच्या सुमाराला आमचे दूधवाले भिया दारात उभे. हातात किटली नाही, मूठभर वाळकी पानं. "भाभीजी, ये आपकी दीवार की हैं क्या? बकरी मर गई, और गाय उठ नी री." मी ती पानं हातात घेऊन पाहिली. लांबट, चामड्यासारखी जाड, मधोमध फिकट शीर आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दातांसारख्या बारीक, सरळ, एकमेकींना चिकटून गेलेल्या शिरा. वाळल्यावर कुठलंही पान सारखंच दिसतं असं वाटतं, पण या शिरा वाळल्यावर जास्तच ठळक होतात. फांदीचा तुकडा मिळाला तर एका पेऱ्यावर तीन-तीन पानं दिसतात. ही ओळख लक्षात ठेवा, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न "काय खाल्लं?" हाच असतो.

मध्य प्रदेशात फिरत्या पशुचिकित्सा गाडीसाठी 1962 हा नंबर आहे. तो लावला. नाव, गाव, जनावर कोणतं, लक्षणं काय एवढं विचारून घेतलं आणि गाडीतल्या डॉक्टरांचा फोन आला. मी पानाचा फोटो पाठवला. तोपर्यंत भियांच्या थोरल्या भावाने कॅल्शियमची बाटली आणि सुई काढून ठेवली होती. गोठ्यातल्या लोकांचा हा पहिला हात असतो: व्यालेली गाय बसली, उठेना, की कॅल्शियम. एरवी बहुतेकदा बरोबरही असतं. मी फोनवर सहज म्हटलं की इथे कॅल्शियम लावतायत, तर डॉक्टर मॅडम ओरडल्याच: "बिल्कुल नहीं! कण्हेर खाई है तो कैल्शियम नहीं देना. और गाय को चलाना मत." कारण त्यांनी नंतर समजावलं. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन हे हृदयावर चालणारं विष आहे. हृदयाच्या पेशींत सोडियम-पोटॅशियम आत-बाहेर करणारा जो पंप असतो तो ते अडवतं, त्यामुळे पेशीत आधीच कॅल्शियम साचत जातं. वरून शिरेतून कॅल्शियम दिलं तर हृदय तिथल्या तिथे बंद पडू शकतं. या सगळ्या लिखाणातून एकच वाक्य कुणाला पुढे पाठवायचं असेल तर हे पाठवा.

चालवायचं नाही हेही तितकंच महत्त्वाचं. बसलेल्या गाईला शेपूट पिरगाळून उठवायची, दोन फेऱ्या मारायच्या, हा दुसरा हात. हृदयाची लय बिघडलेली असताना तेवढे श्रमही पुरतात. आम्ही तिला सावलीत तशीच बसू दिली, पुढ्यातला चारा काढून टाकला आणि नाल्याकडची बाकीची गुरं गोठ्यात आणून बांधली.

गाडी साडेदहाच्या आसपास आली. डॉक्टर तरुण होत्या, इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या. गाईचे कान आणि पायांची टोकं गार पडली होती. शेण पातळ, त्यात रक्ताचा अंश. कोटीपोटाची, म्हणजे चारा साठतो त्या मोठ्या पोटाची, हालचाल जवळजवळ थांबलेली. त्यांनी डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, तो माझ्या कानाला लावला. चार ठोके नीट, मग काहीच नाही, इतका वेळ काही नाही की मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग दोन घाईघाईने, मग परत रिकामं. माझ्या सासऱ्यांच्या बायपासच्या वेळी हॉस्पिटलात मॉनिटर बघत बसले होते, त्याची आठवण झाली आणि मी स्टेथोस्कोप परत दिला.

उपचार ऐकायला साधा आहे: पोटात जे विष अजून शोषलं गेलेलं नाही ते कोळशाला चिकटवून बाहेर काढायचं. ॲक्टिव्हेटेड चारकोल, पाण्यात कालवून, नळीने थेट पोटात. पण माणसांच्या मेडिकलमध्ये जी गोळी मिळते ती काही शे मिलिग्रॅमची, आणि गाईला लागतो वजनाच्या दर किलोमागे दोन ते पाच ग्रॅम. भियांची ही गाय, चंद्री, साधारण चारशे किलोची. म्हणजे कमीत कमी पाऊण-एक किलो पूड. गाडीत थोडी होती, ती लगेच दिली. उरलेल्यासाठी हे स्कूटर घेऊन दवा बाजारला पळाले. दिवाळीची गर्दी, पार्किंग नाही. दोन दुकानांत "इतना किसके लिए?" असं विचारलं. तिसऱ्या दुकानात पूड मिळाली, दीड किलोचे नऊशे रुपये. तुमच्या कॉलनीजवळ गोठे असतील तर ही पूड तुमच्या भागात कुठल्या दुकानात ठेवतात ते आजच विचारून ठेवा. ती शोधण्यात आमची सकाळ गेली.

बादलीत काळा रबडा कालवला. नळी गेली ती अन्ननलिकेतच गेली की श्वासनलिकेत, हे डॉक्टर दोनदा तपासतात. हे काम घरी बाटलीने करू नका, ठसका लागून फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट. नाडी फार मंद झाली तेव्हा ॲट्रोपिनचं इंजेक्शन दिलं. पोट उघडून पाला काढायची शस्त्रक्रियाही असते, पण त्यासाठी तिला गाडीत घालून महूला न्यावं लागलं असतं, आणि त्या धक्क्यातच ती जाईल अशी भीती होती. भियांनी विचारलं, "बचेगी?" डॉक्टर म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत टिकली तर बोलू. गाडीच्या सेवेची पावती दीडशे रुपयांची झाली.

मेलेल्या बकरीचं शवविच्छेदन त्यांनी तिथेच केलं. पोटात पानांचे तुकडे होते, शिरांसकट. तो अहवाल लेखी घ्या. मेलेल्या जनावराला लगेच पुरून टाकायची घाई असते, साहजिकच, पण पुढे सगळीकडे हाच कागद चालला. तोंडी सांगितलेलं "कण्हेर खाल्ली" कुणी ऐकून घेतलं नसतं.

दुधाचं काय, हे विचारायला मी चाचरत होते, कारण गोठ्यावर रडारड चालू होती. पण विचारलं. चंद्रीचं दूध डॉक्टर सांगेपर्यंत गटारात ओतायचं, वासरालाही पाजायचं नाही, असं उत्तर आलं. हे विष दुधात उतरू शकतं. आदल्या संध्याकाळचं दूध कॉलनीत कुणाकडे गेलं होतं ते मी ग्रुपवर विचारलं आणि पुढचे दोन तास फोन खाली ठेवता आला नाही. चंद्रीचं दूध नेमकं वासराला आणि भियांच्या घरी लागायचं, आमच्याकडे म्हशीचं येतं, आणि म्हैस बांधलेली होती. भियांच्या घरच्यांना डॉक्टरांनी तपासून घ्यायला सांगितलं. सगळे ठीक निघाले.

चंद्री बुधवारी टिकली. गुरुवारी कोळशाचं काळं शेण टाकलं. शुक्रवारी सकाळी भियांचा फोन आला, "जुगाली कर री है." रवंथ सुरू झाला म्हणजे पोट चालू झालं. ठोके नियमित व्हायला आणखी वेळ लागला आणि दूध पूर्ववत व्हायला त्याहून जास्त, पण ती वाचली.

आता कुंपण. मी रहवासी संघाची सचिव आहे. हे पद मला मिळालं कारण इतर कुणाला नको होतं. बकरीचे नऊ हजार आणि औषधांचा खर्च संघाच्या खात्यातून द्यायचं कुणी नाकारलं नाही. कण्हेर काढायचा विषय निघाला तेव्हा मात्र माणसं जागी झाली. तुळशीच्या लग्नाच्या आधीच्या रविवारी, 10 नोव्हेंबरला, सभा भरली.

विरोधाचे मुद्दे वेडगळ नव्हते. एक म्हणाले, बारा वर्षं काही झालं नाही, माळ्याची चूक झाडावर का? एक वहिनी म्हणाल्या, झाडी गेली की नाल्याचं दर्शन आणि वास दोन्ही घरात. आणि कोपऱ्यातल्या बंगल्यातले आजोबा, जे रोज पहाटे परडी घेऊन तिथेच फुलं तोडतात, ते म्हणाले, देवाला काय वाहू? त्यांना उत्तर आमच्यातल्याच निवृत्त वैद्यांनी दिलं. आयुर्वेदात कण्हेरीची, करवीराची, गणना उपविषांत आहे, धोत्रा आणि गुंजेच्या पंगतीत. औषधात वापरतात तीही शोधन करून. मी मे 2024 ची बातमी वाचून दाखवली: केरळात त्रावणकोर आणि मलबार या, देवळांचा कारभार पाहणाऱ्या, दोन्ही देवस्वम मंडळांनी देवळांतल्या नैवेद्यात आणि प्रसादात कण्हेरीची फुलं वापरणं बंद केलं. तिथे एका तरुणीच्या मृत्यूनंतर ही चर्चा सुरू झाली होती आणि कण्हेर खाऊन गाय-वासरू दगावल्याचंही त्याच सुमारास छापून आलं होतं. आजोबा म्हणाले, "वाहायला बंदी नाही ना? खायला आहे." खरं होतं. मी मान्य केलं.

सभेत चाललं ते आकड्यांवर. वाळलेल्या पानांचं प्रमाण वजनाच्या दर किलोमागे सुमारे 50 मिलिग्रॅम झालं तरी गाय किंवा घोडा दगावू शकतो. चारशे किलोच्या गाईला वीस ग्रॅम. मी घरून स्वयंपाकघरातला वजनकाटा नेला होता आणि वीस ग्रॅम वाळकी पानं तोलून कागदावर ठेवली. एक मूठ सुद्धा भरत नव्हती. "माळी बदलू, छाटणी नीट करू" म्हणणारे त्या कागदाकडे बघत राहिले. दरवर्षी दोनदा छाटणी, आणि दर वेळी एकशेऐंशी फुटांतलं एक मूठही मागे राहता कामा नये, हे कोण बघणार? ठराव झाला: नाल्याकडची पूर्ण काढायची. कॉलनीच्या आत, बंगल्यांच्या अंगणात ज्यांची आहे त्यांनी ठेवावी, पण कापलेलं बाहेर टाकायचं नाही. हा मधला मार्ग मला आजही बरोबर वाटतो. आत गुरं येत नाहीत, आणि दिसेल ती कण्हेर उपटत सुटण्यात अर्थ नाही.

परवानगीचा भाग कंटाळवाणा आहे, पण लोक तिथेच अडतात. आधी जागा कुणाची ते पाहा. आम्हाला वाटायचं भिंतीपर्यंत आमची आणि पुढे सरकारी. नकाशा काढला तर भिंतीबाहेरची पाच फूट पट्टीही आमच्याच लेआउटमध्ये हिरवी पट्टी म्हणून दाखवलेली. अशी पट्टी असली की ज्या कार्यालयाच्या अखत्यारीत ती येते तिथे विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका. मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी 2001 चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे, परवानगी वृक्ष अधिकाऱ्याची लागते. कण्हेर हे झुडूप, पण आमच्यातल्या काही जुन्या कण्हेरी दहा-बारा फुटांच्या, मनगटाएवढ्या खोडाच्या होत्या, आणि भांडखोर शेजारी तक्रार करायला मोकळा असतो. म्हणून आम्ही लेखी विचारलं.

आवेदन हिंदीत, एका पानात. सोबत ठरावाची प्रत, नकाशाची प्रत त्यावर पट्टी लाल पेनाने दाखवून, बकरीचा शवविच्छेदन अहवाल, गाईच्या उपचाराची पावती, आणि झाडीचे फोटो. फोटोत एक माणूस उभा करा, म्हणजे उंची कळते. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आम्ही 14 नोव्हेंबरला दिलं. पुढे काही आठवडे "साहब साइट पर हैं" चाललं. त्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही, तुमच्याकडे ते वेगळंच असणार. फाइल हलली ती एका कारकून बाईंमुळे. त्यांनी अहवाल वाचला आणि विचारलं, "हमारे गाँव में भी यही लगी है, गाय खा ले तो क्या देते हैं?" कॅल्शियम द्यायचं नाही, हे मी सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि आमचा कागद वरच्या गठ्ठ्यात ठेवला. डिसेंबरात पाहणी झाली आणि संक्रांतीच्या आधी पत्र मिळालं: झुडपं काढण्यास हरकत नाही, त्या जागी तेवढीच लागवड करावी, आणि कचऱ्याची विल्हेवाट संघाने आपल्या जबाबदारीवर लावावी.

ते शेवटचं वाक्य आम्ही आधीच धरून चाललो होतो, कारण उभी कण्हेर जितकी धोक्याची नाही तितकी कापलेली धोक्याची. काढायच्या दिवशी एकाच वेळी काही टन पाला-फांद्या जमिनीवर येणार होत्या. जाळायचं नाही, धूरही विषारी असतो. उघड्या ट्रॉलीतून पाठवायचं नाही, वाटेत पानं सांडतात. आम्ही भिंतीच्या आत, पाण्याच्या टाकीपासून लांब, मोकळ्या प्लॉटवर खोल खड्डा खणून घेतला, भोवती जाळी मारली, आणि थर लावून माती-शेणाने बुजवायचं ठरवलं. नीट कुजल्यावर विष विरतं, तोवर जनावर तिथे पोचता कामा नये एवढंच पाहायचं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात काम काढलं. मजुरी आणि खड्डा मिळून अठरा हजार. मुकादमाला मी अंगभर बाह्या, रबरी हातमोजे आणि चष्मे हे दरात धरूनच बोलले होते, तरी पहिल्या सकाळी अर्धे लोक उघड्या हातांनी आले. चीक लागून कातडी आणि डोळे चुरचुरतात. मोजे मी घरून आणून वाटले. जेवायला बसण्याआधी साबणाने हात धुवायला बादली आणि साबण तिथेच ठेवा, नळ लांब असला की कुणी जात नाही. खाली ताडपत्री अंथरून तिच्यावरच कापायचं, ताडपत्री भरली की चारी टोकं धरून खड्ड्याकडे.

दुपारी जे झालं ते माझ्या यादीत नव्हतं. मजुरांबरोबर आलेल्या बायका जाड खोडं वेगळी रचत होत्या. मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या, चुल्हे के लिए. स्वाभाविक होतं, फुकटचं सरपण कोण सोडेल? आणि याच लाकडाच्या धुरात पोळ्या भाजल्या गेल्या असत्या. त्यांना विष आहे सांगून पटेना. "सूखी लकड़ी में काहे का जहर?" शेवटी दूधवाले भियांना बोलावलं. त्यांनी चंद्रीचं आणि बकरीचं आपल्या बोलीत सांगितलं, तेव्हा खोडं खड्ड्यात गेली. त्यांचं सरपण बुडालं म्हणून आम्ही वखारीतून बाभळीची लाकडं आणून दिली, बाराशे रुपयांची. ठेका देतानाच "लाकूड कुणी नेणार नाही" हे स्पष्ट बोलून घ्या आणि सरपणाचे पैसे वेगळे धरा.

पाला उचलून झाल्यावर खराट्याने दोनदा झाडून घेतलं, नाल्याचा काठसुद्धा. ऑक्टोबरातली काही पानं तेव्हाही तिथे होती, तीन महिने जुनी, कुरकुरीत. भियांनी काम पूर्ण होईपर्यंत गुरं त्या बाजूला सोडली नाहीत. दूध नेहमीचंच आलं, चारा मात्र त्यांना विकत घ्यावा लागला, तो संघाने भरला.

नवीन लागवडीसाठी पाऊस सुरू होईपर्यंत थांबलो. मधल्या काळात तारेची जाळी होती, आणि वहिनींचं नाल्याच्या वासाचं म्हणणं खरं ठरलं. नर्सरीत गेलो तर नर्सरीवाल्याने पहिल्यांदा हौसेने दाखवली ती बुटकी पिवळी रायमुनिया, म्हणजे आपली घाणेरी. फुलं सुरेख, पाणी नको, बकरी खात नाही, तेच सगळे गुण. घाणेरीने गुरांच्या यकृतावर परिणाम होतो, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. इथे शोभेसाठी म्हणून आणलेलं हे झुडूप आता रानोमाळ पसरलं आहे. मग त्याने पिवळी कण्हेर काढली, बिट्टीची. तीही तशीच विषारी. जास्वंद गुरांना चालते, पण तिचं दुखणं उलटं: बकऱ्या आठवड्यात खुंट करतील.

शेवटी बोगनवेल आणि मधे मधे पिवळी काटेरी कोरांटी लावली, सगळी मिळून साडेसहा हजारांची. कोरांटी आजोबांच्या शिफारशीवरून. देवाला चालते आणि काट्यांमुळे बकरीही विचार करते. पहिल्या वर्षी बोगनवेलीला पाणी द्यावं लागतं, ते कोण देणार यावर ग्रुपवर पुन्हा जुंपली आहे.

कण्हेर एका फटक्यात जात नाही. मुळं राहिली की फुटते. मार्चमध्ये कोवळे लालसर-हिरवे फुटवे दिसले, पावसाच्या पहिल्या सरीनंतर आणखी. कोवळे दिसतात म्हणून हाताने खुडू नका, मोजे घाला, कुदळीने मुळासकट काढा आणि त्याच खड्ड्यात टाका. आमच्या माळ्याच्या करारात आता हे काम लिहून घेतलंय, महिन्यातून एकदा, आणि त्या कामाची सही झाल्यावरच माळ्याचं बिल निघतं.